जिस्ट इंडेक्समध्ये नॅन आणि इन्फिनिटी शिरले तर काय होतं, आणि त्यांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसवर पोस्टजीआयएस ही नकाशांच्या डेटासाठीची जोड घालून गाड्यांच्या जीपीएस नोंदींचं मोठं टेबल चालू आहे आणि जिओमेट्रीच्या (बिंदू, रेषा, आकार ठेवणाऱ्या) कॉलमवर जिस्ट इंडेक्स, म्हणजे चौकटींवरून शोध जलद करणारी सूची, आहे. नकाशावरच्या एका चौकटीत किती नोंदी आहेत हे इंडेक्सवरून मोजलं तर एक आकडा येतो. तेच मूळच्या अक्षांश-रेखांशाच्या कॉलमवरून मोजलं तर दुसरा येतो. शोधाशोध केल्यावर काही ओळींत नॅन ('आकडा नाही' अशी खूण) आणि काहींत इन्फिनिटी (अनंत) सापडलं. त्यांच्या जागी शून्य घालावं, नल (माहिती नाही) घालावं, की एखादा भलामोठा आकडा टाकून पुढे जावं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. शून्य घालू नका. मोठा आकडा तर मुळीच घालू नका. नॅनच्या जागी बहुतेक वेळा नल योग्य, पण ते का नल केलं हे शेजारच्या कॉलममध्ये लिहून ठेवा. इन्फिनिटीला एकच नियम लावता येत नाही. ती हिशेबातल्या चुकीमुळे आली आहे, की 'याला शेवट नाही' असं खरोखरच कुणाला नोंदवायचं आहे, हे आधी ठरवावं लागतं. आणि हे डेटा आत घेतानाच ठरवायचं, इंडेक्सवर सोडायचं नाही. इंडेक्सवर सोडलं तर निर्णय कोडमधली एखादी तुलना कशी लिहिली आहे त्यावर ठरतो, त्याला तुमच्या डेटाच्या अर्थाची काहीच माहिती नसते.

इथे चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळं बिघडतं. नल म्हणजे माहिती नाही. रिकामी जिओमेट्री म्हणजे माहिती आहे, आणि ती अशी की तिथे काहीच नाही. दोन शेतांचा सामाईक भाग काढला आणि ती एकमेकांना लागतच नसतील तर रिकामा पॉलिगॉन हे अचूक उत्तर आहे. नॅन म्हणजे हिशेब फसला, उत्तर आकडा नाही. इन्फिनिटी म्हणजे आकडा मावेना इतका मोठा झाला किंवा त्याला मर्यादाच नाही. पहिल्या दोन गोष्टी डेटाबेसला नीट कळतात. पुढच्या दोन त्याच्यापर्यंत आकड्याच्या वेशात पोचतात, आणि त्रास तिथून सुरू होतो.

नॅनचे नियम १९८५ च्या आयईईई ७५४ या संगणकातल्या दशांश आकड्यांच्या मानकातून आले आहेत. नॅन कशाहूनही लहान नाही, मोठा नाही, आणि स्वतःशीसुद्धा समान नाही. गणित करताना हे शहाणपणाचं आहे, कारण फसलेला हिशेब फसलेलाच दिसत राहतो. इंडेक्ससाठी मात्र हे घातक आहे. कुठलाही वृक्षाकार इंडेक्स 'हे त्याच्या आधी की नंतर', 'हे याच्या आत की बाहेर' या प्रश्नांवर उभा असतो, आणि नॅन त्या प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हणतो.

दोन चौकटी एकमेकींवर येतात का हे तपासायच्या दोन पद्धती असतात. एकीत होकारार्थी विचारतात: पहिलीची डावी कड दुसरीच्या उजव्या कडेपेक्षा लहान किंवा समान आहे ना, तसंच उरलेल्या तीन कडांचं? चारही खरं असेल तर चौकटी एकमेकींवर आहेत. दुसरीत उलटं विचारतात: पहिली पूर्णपणे उजवीकडे, डावीकडे, वर किंवा खाली पडली आहे का? यातलं काहीच खरं नसेल तर चौकटी एकमेकींवर आहेत. साध्या आकड्यांसाठी दोन्हींचं उत्तर कायम एकच येतं. नॅन आला की पहिली पद्धत म्हणते ही ओळ कुठेच नाही, दुसरी म्हणते ही ओळ सगळीकडे आहे. दोन्ही कोड बरोबर दिसतात, दोन्ही चाचण्यांत पास होतात, आणि प्रत्यक्षात एकातून ओळी गायब होतात तर दुसऱ्यातून नको त्या ओळी प्रत्येक शोधात येतात.

हीच गफलत डेटा आत घेणाऱ्या कोडमध्ये होते, आणि माझ्या मते बहुतेक नॅन तिथूनच सुटतात. 'रेखांश < -१८० किंवा रेखांश > १८० असेल तर नाकारा' अशी अट पायथन, जावा किंवा सीमध्ये लिहिली तर नॅन बिनधास्त आत जातो, कारण दोन्ही तुलना खोट्या ठरतात. 'रेखांश >= -१८० आणि रेखांश <= १८० असेल तरच स्वीकारा' अशी लिहिली तर तो बाहेर राहतो. अट नेहमी स्वीकारण्याच्या बाजूने लिहा. एवढ्या एका सवयीने निम्मं काम होतं.

पोस्टग्रेसने स्वतःच्या साध्या फ्लोट (दशांश आकड्यांच्या) प्रकारासाठी या बाबतीत वेगळा आणि माझ्या मते योग्य निर्णय घेतला आहे: नॅन नॅनशी समान, आणि बाकी प्रत्येक आकड्याहून, अगदी इन्फिनिटीहूनही, मोठा. त्यामुळे क्रम लावता येतो आणि बी-ट्री, म्हणजे किमती क्रमाने लावणारा साधा इंडेक्स, शाबूत राहतो. याचा एक सुंदर फायदा असा, की एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) 'आकडा > उणे इन्फिनिटी आणि आकडा < इन्फिनिटी' ही एकच अट दोन्ही इन्फिनिटी आणि नॅन तिघांनाही बाहेर काढते. पण तीच अट सीमध्ये चालते ती वेगळ्या कारणाने, आणि 'नॅन सर्वांत मोठा' हे गृहीत धरून लिहिलेली बाकीची एसक्यूएल बाहेरच्या भाषेत नेली तर उत्तरं बदलतात. तुमचे दोन आकडे जुळत नाहीत त्याचं एक कारण इथेच आहे. साध्या कॉलमवरची अट पोस्टग्रेसच्या क्रमाने चालते, तर जिओमेट्रीचा इंडेक्स पोस्टजीआयएसच्या स्वतःच्या चौकटींवर चालतो.

आता इंडेक्सच्या आत बघू. जिस्ट हा साचा १९९५ साली मांडला गेला, आणि त्यात जिओमेट्रीसाठी जे भरलं जातं ते मुळात १९८४ च्या आर-ट्रीचं रूप आहे. रचना जिल्हा, तालुका, गाव अशीच समजा: गावाची चौकट तालुक्याच्या चौकटीत, तालुक्याची जिल्ह्याच्या. शोधताना जिल्ह्याची चौकट आपल्या खिडकीला लागत नसेल तर त्यातला एकही तालुका उघडायचा नाही. वेग येतो तो या न उघडण्यातूनच. अट एवढीच की वरची चौकट खालच्या सगळ्यांना पुरी पडली पाहिजे.

एका गावाची चौकट अनंत झाली तर तालुक्याची अनंत होते, मग जिल्ह्याची. उत्तर चुकत नाही, पण आता प्रत्येक शोधाला तो फाटा उघडावाच लागतो. पोस्टग्रेसचं पान, म्हणजे एका वेळी वाचला जाणारा तुकडा, ८ किलोबाइटचं, आणि द्विमितीय चौकट चार छोट्या फ्लोटची म्हणजे १६ बाइटची. एका पानावर दोनशेहून अधिक नोंदी बसू शकतात. वाईट ओळी एकाच वेळी भरल्या गेल्या असतील तर थोडीच पानं बिघडतात. त्या वर्षभर रोज थोड्या थोड्या येत राहिल्या असतील तर त्या अनेक फाट्यांवर पसरलेल्या असू शकतात, आणि मग इंडेक्स असूनही क्वेरी रखडते. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये बफर्सचा (वाचलेल्या पानांचा) आकडा लावून बघा: मिळालेल्या ओळी थोड्या आणि वाचलेली पानं खूप, असं दिसलं तर हा संशय घ्यायला जागा आहे.

नॅन वरच्या चौकटीत शिरला तर प्रकरण अधिक गंभीर. तपासणी होकारार्थी पद्धतीने लिहिलेली असेल तर त्या फाट्याखालचं काहीच सापडत नाही. म्हणजे एका खराब नोंदीपायी शेजारच्या दोनशे चांगल्या नोंदी शोधातून नाहीशा होतात. वेग कमी झाला की कुणीतरी तक्रार करतं. ओळी गायब झाल्या की बहुतेक वेळा कुणालाच कळत नाही. मला या सगळ्या विषयाची काळजी वाटते ती याच कारणाने.

चौकट बनवतानाही नॅन काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. किमान आकडा काढायचा सगळ्यांत प्रचलित कोड असा असतो: 'आतापर्यंतचा किमान नव्या आकड्याहून लहान असेल तर तोच ठेव, नाहीतर नवा घे'. पुण्याहून सासवडला जाणाऱ्या एका रेषेचे पाच बिंदू घ्या, ज्यांचे रेखांश अनुक्रमे ७३.८६, ७३.९०, नॅन, ७३.९७ आणि ७४.०३ आहेत. पहिल्या बिंदूनंतर किमान ७३.८६. दुसऱ्यानंतरही ७३.८६. तिसऱ्याला तुलना खोटी, म्हणून किमान आता नॅन. चौथ्याला 'नॅन ७३.९७ हून लहान आहे का?' हेही खोटं, म्हणून किमान ७३.९७. पाचव्यालाही तेच राहतं. शेवटी चौकट ७३.९७ पासून ७४.०३ पर्यंत बनते. तिच्यात नॅनचा मागमूसही नाही, चारही कडा व्यवस्थित आकडे आहेत, आणि पुण्याकडचा पहिला टप्पा चौकटीच्या बाहेर पडला आहे. ७३.८७ ते ७३.८९ या खिडकीत तुम्ही शोधलंत तर रेषा तिथून खरोखर जात असूनही इंडेक्स ती देणार नाही. सीच्या मानक लायब्ररीतलं एफमिन वापरलं असतं तर त्याने नॅन सोडून दिला असता आणि चौकट ७३.८६ पासून सुरू झाली असती. नॅन पहिल्याच बिंदूत असता तर पहिल्या कोडनेही बरोबर उत्तर दिलं असतं. म्हणजे बिंदूंच्या क्रमावर उत्तर बदलतं. म्हणूनच 'चौकटीच्या कडा तपासल्या, सगळं ठीक आहे' यावर विसंबू नका. रेषा आणि पॉलिगॉनचा एकेक बिंदू सुटा करून तपासा. पोस्टजीआयएसचं एसटी डम्पपॉइंट्स हे फंक्शन त्यासाठीच आहे.

इन्फिनिटीचं गणित तुलनेत सरळ, पण तिच्यातून नॅन जन्माला येतो हे विसरलं जातं. नवी नोंद कुठल्या फाट्यात घालायची हे आर-ट्री ठरवतो ते 'कुणाचं क्षेत्रफळ सर्वांत कमी वाढतं' यावरून. वाढ म्हणजे नवं क्षेत्रफळ वजा जुनं. जुनं आधीच अनंत असेल तर अनंत वजा अनंत, म्हणजे नॅन. रुंदी शून्य आणि उंची अनंत असेल तर क्षेत्रफळ शून्य गुणिले अनंत, पुन्हा नॅन. उणे अनंत ते अधिक अनंत या पट्ट्याचा मध्यबिंदूही नॅनच. मग 'सर्वांत कमी वाढ' शोधणारी तुलना कोलमडते आणि कोडमध्ये जो फाटा आधी येतो तो निवडला जातो. इन्फिनिटी प्रत्यक्ष डेटात नसली तरी हे होऊ शकतं: डबल या मोठ्या फ्लोटमध्ये मावणारा १ वर ३९ शून्यांचा आकडा छोट्या फ्लोटमध्ये मावत नाही, कारण त्याची मर्यादा सुमारे ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात एवढी आहे. पोस्टजीआयएस अशा वेळी आकडा फ्लोटच्या टोकाशी थांबवतं, पण स्वतः लिहिलेल्या एक्स्टेन्शनमध्ये (डेटाबेसच्या जोडीत) ही काळजी तुम्हालाच घ्यावी लागते.

हे सगळं कागदावरचं नाही. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या बॉक्स, पॉइंट, सर्कल आणि पॉलिगॉन या प्रकारांत नॅन असेल तर जिस्ट इंडेक्स बांधताना प्रक्रिया कधीच न संपणाऱ्या चक्रात अडकू शकत होती. मूळ कारण एवढंच होतं की कोडने 'कुठलाही आकडा स्वतःशी समान असतो' असं धरलं होतं. २०१६ च्या जुलैमध्ये ते दुरुस्त झालं. तुलना नॅन ओळखणाऱ्या केल्या गेल्या, नॅनला सगळ्यांच्या वर जागा दिली गेली, आणि चौकटीच्या आकाराचा हिशेब असा बदलला की त्यातून नॅन निघूच नये, फार तर इन्फिनिटी निघावी. दुरुस्ती ९.२ पर्यंतच्या जुन्या आवृत्त्यांतही नेली गेली. मला यातली शेवटची युक्ती सर्वांत मोलाची वाटते. इन्फिनिटीची तुलना करता येते, नॅनची करता येत नाही. म्हणून स्वतःचा इंडेक्स लिहिणाऱ्याने किंमत काढणारं प्रत्येक सूत्र नॅन ऐवजी इन्फिनिटी देईल असं बांधावं.

क्रम लावणाऱ्या कोडबद्दलही हेच. सी++ मधल्या क्रमवारीच्या फंक्शनला विसंगत तुलना दिली तर पुढे काय होईल याची भाषा काहीच हमी देत नाही. नॅन एकटाच भलत्या जागी बसून थांबत नाही, चांगले आकडेही विस्कटतात. जावामध्ये निदान डबल कम्पेअर हे तयार फंक्शन नॅनला सर्वांत मोठा मानतं. तिथे हाताने 'मोठा तर १, लहान तर उणे १, नाहीतर शून्य' असं लिहू नका. आणि सीचं एक्स्टेन्शन फास्ट-मॅथ लावून कंपाइल करू नका. तो पर्याय कंपायलरला 'नॅन आणि इन्फिनिटी येणारच नाहीत' असं वचन देतो, आणि मग तुमची नॅनची तपासणीच काढून टाकली जाऊ शकते.

हे आकडे येतात कुठून? गाड्यांच्या डेटात पहिला संशयित म्हणजे उपग्रह सापडण्याआधीची पाकिटं (गाडीतल्या यंत्राने पाठवलेल्या नोंदी). त्यात अक्षांश-रेखांशाची जागा कोरी असते, आणि ती वाचणारा कोड कोऱ्याचं नॅन करतो किंवा शून्य करतो. पायथनच्या पांडाज लायब्ररीत सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलमधली कोरी जागा नॅनच होते. दुसरा संशयित मधल्या जागा भरणारा हिशेब: दोन पाकिटांवर एकच वेळ असेल तर वेळेचं गुणोत्तर शून्य भागिले शून्य होतं. पोस्टग्रेस शून्याने भागल्यावर चूक दाखवून थांबतं, पायथनमधलं आकडेमोडीचं नमपाय थांबत नाही, इशारा देऊन नॅन पुढे ढकलतं. तिसरा, आणि इन्फिनिटीसाठी मुख्य, म्हणजे प्रोजेक्शन, पृथ्वीवरचे अंश सपाट नकाशाच्या मापात बदलणं. ते करणाऱ्या पायथनच्या पायप्रोजला बिंदू बदलता आला नाही तर तो मुळात चूक न फेकता इन्फिनिटी परत देतो. चूक हवी असेल तर एररचेक चालू करावं लागतं. वेब नकाशांचं मर्केटर प्रोजेक्शन सुमारे ८५.०५ अंशांपर्यंतच वापरतात, कारण ध्रुवापाशी त्याचं सूत्र अनंताकडे जातं.

आपल्याकडे यात आणखी एक नेहमीचा गोंधळ होतो. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर हे यूटीएम या रेखांशानुसार पट्टे पाडणाऱ्या प्रोजेक्शनच्या ४३ व्या पट्ट्यात येतात, पण नागपूरचा रेखांश ७९ च्या पुढे असल्याने ते ४४ व्या पट्ट्यात जातं. सगळ्या राज्याला ४३ लावला तर विदर्भात इन्फिनिटी येत नाही, प्रोजेक्शनचं माप थोडं ताणलं जातं आणि चालून जातं. पण ४३ मधले मीटरचे आकडे कुणी अंश समजून पुन्हा प्रोजेक्शनमधून काढले, की लाखांतला आकडा अक्षांश म्हणून जातो आणि तिथून इन्फिनिटी निघते.

आता शून्य आणि मोठा आकडा का नको. शून्य-शून्य हा बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात आहे. तुमच्या गाड्या तिथे उभ्या दिसतील, आणि 'पुण्यापासून सर्वांत दूर गेलेली गाडी' असल्या प्रत्येक अहवालात त्या पहिल्या येतील. ९९९ किंवा उणे ९९९९ त्याहून वाईट, कारण तो खरा, मर्यादित आकडा आहे. नॅनची तपासणी त्याला पकडत नाही, आणि चौकट मात्र तो तेवढीच फुगवतो. जिओग्राफी प्रकारात (गोल पृथ्वीवर मोजणाऱ्या) तर पोस्टजीआयएस असे आकडे सूचना देऊन मर्यादेत आणून बसवतं. ३६० च्या हिशेबाने ९९९ रेखांशाचं उणे ८१ होतं, आणि तुमची खूण म्हणून घातलेली किंमत पृथ्वीवरच्या एका सभ्य ठिकाणी जाऊन बसते. मग ती परत ओळखायला काही साधन उरत नाही.

साफसफाईचा क्रम असा ठेवा. आधी इंडेक्स स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन त्या सेशनपुरते बंद करा, नाहीतर ज्या इंडेक्सवर संशय आहे त्यालाच तुम्ही साक्षीला बोलावत आहात. मग मूळ आकड्यांवर आणि सुट्या केलेल्या बिंदूंवर वरची 'उणे इन्फिनिटीहून मोठा आणि इन्फिनिटीहून लहान' ही अट लावून जे बसत नाहीत ते काढा. एसटी इजव्हॅलिडही अशा जिओमेट्रीला 'इनव्हॅलिड कोऑर्डिनेट' म्हणून पकडतं, पण त्यावर थांबू नका. दुरुस्तीसाठी एसटी मेकव्हॅलिडकडे जाण्यात अर्थ नाही. हरवलेला रेखांश त्यालाही ठाऊक नाही. सापडलेल्या ओळी मूळ पाकिटासकट बाजूच्या टेबलमध्ये हलवा. मूळ पाकीट फेकू नका. कारण कळल्यावर त्यातल्या कित्येक नोंदी परत मिळवता येतात.

एक सापळा इथे लक्षात ठेवा. जिओमेट्री बाइटांत लिहायच्या डब्ल्यूकेबी या स्वरूपात रिकामा बिंदू लिहायला वेगळी खूण नाही, म्हणून तो दोन्ही जागी नॅन घालून लिहितात, आणि वाचताना पोस्टजीआयएस तसा बिंदू रिकामा बिंदू म्हणून घेतं. त्यामुळे नॅनचा एकच बिंदू डब्ल्यूकेबीतून आला तर रिकामा होतो, आणि एसटी मेकपॉइंटने आत बनवला तर नॅनच राहतो. तुमच्या टेबलमध्ये दोन्ही असू शकतात. रिकाम्यांचीही गणना करा, आणि ते खरोखर 'काही नाही' आहेत की वेश बदललेले नॅन आहेत हे कुठल्या मार्गाने आले त्यावरून ठरवा.

त्यानंतर चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे ओळ घेताना डेटाबेसने तपासायची अट, लावा. अक्षांश, रेखांश साधे डबल कॉलम ठेवा, जिओमेट्री त्यांच्यापासून आपोआप बनणारा कॉलम करा, आणि अट साध्या कॉलमवर घाला. पोस्टग्रेसमध्ये 'उणे १८० ते १८० च्या दरम्यान' ही अट नॅन आणि इन्फिनिटी दोन्ही अडवते. नल मात्र ती सोडते, कारण नलला उत्तर 'माहीत नाही' येतं आणि चेक फक्त 'खोटं' आल्यावर अडवतो. नल नको असेल तर नॉट नल वेगळं लिहा. मोठ्या टेबलवर कन्स्ट्रेंट आधी नॉट व्हॅलिड म्हणून लावा, म्हणजे नवी घाण लगेच थांबते, आणि जुना डेटा साफ झाल्यावर व्हॅलिडेट करा.

भारतातला डेटा असेल तर एक फुकटची तपासणी हाताशी आहे. आपला अक्षांश ३८ च्या वर जात नाही आणि रेखांश ६८ च्या खाली येत नाही, म्हणजे इथे रेखांश अक्षांशाहून कायम मोठा. अदलाबदल झालेली प्रत्येक जोडी एका तुलनेत पकडता येते. पुण्याचे आकडे उलटे पडले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो आणि उणे १८० ते १८० ची अट त्याला काहीच बोलत नाही. ही तपासणी इशारा म्हणून ठेवायची की सक्तीची, हे तुमच्या गाड्या कुठे जातात त्यावर ठरवा.

मग रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधणं, आणि हे टाळू नका. वाईट ओळी डिलीट करून व्हॅक्यूम (मेलेल्या ओळींची साफसफाई) केलं तरी जिस्टमधल्या वरच्या चौकटी आकसत नाहीत. नोंद आली की त्या वाढतात, गेली की तशाच राहतात. डेटा स्वच्छ आणि इंडेक्स फुगलेला, अशी अवस्था महिनोन्महिने राहू शकते. आवृत्ती १२ पासून रीइंडेक्स कॉन्करन्टली आहे, त्यामुळे टेबलवरचं लिहिणं थांबवावं लागत नाही. नंतर ॲनालाइझ (टेबलची आकडेवारी ताजी करणारी आज्ञा) चालवा, आणि तुमची मूळची चौकट इंडेक्ससह आणि इंडेक्सशिवाय पुन्हा मोजा.

आता खरी इन्फिनिटी. हवाई क्षेत्राच्या नोंदीत वरची मर्यादा 'अमर्याद' असू शकते. जमिनीच्या नोंदीत एखाद्या गटाची आजची सीमा पुढचा फेरफार होईपर्यंत लागू असते, आणि तो कधी होईल हे कुणालाच माहीत नसतं. अशा जागी ९९९९ सालचा ३१ डिसेंबर घालायची पद्धत आहे, ती मला पसंत नाही. पोस्टग्रेसचे रेंज प्रकार, ज्यांत 'इथपासून तिथपर्यंत' साठवता येतं, यासाठीच आहेत. वरचं टोक मोकळं सोडलेली डेटरेंज (तारखांची रेंज) म्हणजे 'अमुक तारखेपासून पुढे'. 'इन्फिनिटी' ही तारीख वरच्या टोकाला लिहिणं वेगळं आहे: ती रेंजच्या दृष्टीने एक साधी किंमत आहे, आणि 'वरचं टोक मोकळं आहे का' या प्रश्नाला तिथे 'नाही' असं उत्तर येतं. दोन्ही पद्धती एकाच टेबलमध्ये मिसळू देऊ नका.

रेंजवरचा जिस्ट इंडेक्स मोकळी टोकं कशी हाताळतो ते अभ्यासण्यासारखं आहे. पान फोडायची वेळ आली की तो साध्या, डावीकडे मोकळ्या, उजवीकडे मोकळ्या आणि रिकाम्या रेंज वेगवेगळ्या वर्गांत पाहतो आणि शक्य तिथे त्या वेगळ्या पानांवर नेतो. अनंत नोंदी एकत्र राहतात आणि मर्यादित नोंदींच्या चौकटी फुगत नाहीत. स्पेशियल डेटातही हीच रचना हाताने करता येते: आडव्या सीमा जिओमेट्रीत, उंची किंवा काळ वेगळ्या रेंज कॉलममध्ये, आणि दोन्हींवर मिळून एक जिस्ट इंडेक्स. गट नंबरही त्यात घ्यायचा असेल तर बी-ट्री-जिस्ट एक्स्टेन्शन लागतं. मग एकाच गटाच्या दोन सीमा एकाच काळात नोंदल्या जाऊ नयेत हे एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंटने थेट डेटाबेसकडूनच पाळून घेता येतं. झेड अक्षावर इन्फिनिटी घालून बहुमितीय इंडेक्स करण्यापेक्षा हे शतपट बरं.

पोस्टग्रेसबाहेर हा डेटा न्यायचा असेल तर एवढं पुरे. एसक्यूलाइट (एका फाइलमधला छोटा डेटाबेस) नॅन साठवतच नाही, त्याचं नल करतं, आणि त्याचं आर-ट्री मॉड्यूल किमान कमालहून मोठा असेल तर नोंद नाकारतं. त्यावर उभ्या जिओपॅकेज या नकाशांच्या फाइलचे ट्रिगर (आपोआप चालणारे नियम) रिकामी जिओमेट्री इंडेक्समध्ये घालतच नाहीत. मायएसक्यूएलमध्ये स्पेशियल इंडेक्ससाठी कॉलम नॉट नल असावाच लागतो, म्हणून तिथे 'ठिकाण माहीत नाही' अशा ओळी वेगळ्या टेबलमध्ये ठेवाव्या लागतात. जेसन या डेटा देवाणघेवाणीच्या स्वरूपाच्या मानकात नॅन आणि इन्फिनिटी बसत नाहीत, तरी पायथनचं जेसन मॉड्यूल ते तसेच लिहून टाकतं आणि ब्राउझर ती फाइल वाचायला नकार देतो. लिहिताना अलाउ-नॅन बंद करा, म्हणजे चूक तुमच्या बाजूलाच दिसेल.

जिओग्राफी प्रकार वापरत असाल तर शेवटची एक तपासणी. तिथे इंडेक्स अंशांवर चालत नाही, गोलावरच्या त्रिमितीय बिंदूंवर चालतो, आणि ते साइन-कोसाइनने काढलेले असतात. अनंताचं साइन म्हणजे नॅन. म्हणजे जिओमेट्रीत जी ओळ इन्फिनिटी म्हणून सापडली असती ती या हिशेबातून नॅन होऊन बाहेर पडते, त्यामुळे कारण शोधताना जिओग्राफीच्या कॉलममध्ये बघू नका, अंशांच्या मूळ कॉलममध्ये बघा.